जीप चार इंच उचलण्याचं काम

९ नोव्हेंबर १९७०, सोमवार. काष्टी.

आजपासून रोजनिशी. टेक्निकल काम सुरू करतोय, आणि टेक्निकल कामाची नोंद ठेवावी लागते.

लिलावातून जीप घेतली त्याला सात महिने झाले. मिलिटरीची, फोर-व्हील-ड्राइव्ह. काष्टीत अशी दुसरी नाही. सोबत इंग्रजी पुस्तक मिळालंय. पान ८४ नंतर एकदम ९१ येतं, बाकी संपूर्ण आहे. ते वाचू शकेल असा गावात मी एकटाच. इंटर सायन्सला दोनदा बसलो आहे.

कामाचं कारण. दसरा झाल्यावर मालनला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी सोडायला जीपनं गेलो. तिचं माहेर जामखेडच्या पुढं नऊ मैल, नदीपलीकडं. पूल नाही. पाणी ओसरलं होतं, पण ऐन पात्रात जीप वाळूत बसली. मालनला चालावंसं वाटलं, म्हणून ती उतरून चालत गेली. सातवा महिना होता. तिचा भाऊ सहादेव बैल घेऊन आला आणि त्यानं जीप ओढून काढली. सगळं गाव काठावर. सासूबाई माझ्यासाठी भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. तो त्यांनी आधी बैलांवरून ओवाळला, मग माझ्यावरून.

निश्चय: मूल आणि बाळंतीण आणायला त्याच नदीतून जीपनं जाणार. बैल लावणार नाही. त्यासाठी मोठे टायर पाहिजेत.

१५ नोव्हेंबर, रविवार

नगरच्या भंगार बाजारात टायर मिळाले. सात-पन्नासचे. आपले सहाचे. म्हणजे हे दीड इंच जास्त रुंद आणि त्या मानानं उंच. स्टेपनी धरून पाच घेतले. एस्टीच्या टपावर टाकून आणले. कंडक्टर काहीतरी बोलला, पण त्याला विषय माहीत नव्हता.

जीप मच्छिंद्र मिस्त्रीच्या शेडमध्ये लावली. मच्छिंद्र नांगर, बैलगाड्या, ऑइल इंजिनं सगळं करतो. जीपचं काम कधी केलेलं नाही. तसं त्यानं स्वतःच सांगितलं. माणूस प्रामाणिक आहे.

अंदाज: चार दिवस.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

टायर बसले. पुढचे मडगार्डला घासत होते. मडगार्ड कापले. आता मडगार्डला घासत नाहीत, स्प्रिंगच्या पाट्यांना घासतात. फक्त वळताना. सरळ जाताना काहीच त्रास नाही.

उजवीकडे बऱ्यापैकी वळते. डावीकडे नाही. संध्याकाळी बसून रस्ता आठवला. जामखेडपर्यंत मोठी डावी वळणं सात आहेत. एका डाव्या वळणाऐवजी तीन उजवी घेता येतात. कागदावर जमलं. मच्छिंद्र म्हणाला की श्रीगोंद्याच्या चौकात तीन उजवी घ्यायची तर एका हॉटेलच्या भटारखान्यातून जावं लागेल. त्याचं स्थानिक ज्ञान चांगलं आहे.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

स्प्रिंगमध्ये ट्रकचे पाटे घातले. दोन्ही बाजूंना तीन-तीन. जीप पावणेदोन इंच उचलली. घासणं कमी झालं. स्प्रिंग मात्र आता हलत नाही, नुसती असते.

तात्यांना बाजारापर्यंत चक्कर मारून आणली. उतरल्यावर ते कमरेला हात लावून बराच वेळ कडुनिंबाखाली उभे होते. आई गेल्यापासून तात्या बोलतात कमी. आज एवढंच विचारलं की जामखेडची एस्टी कितीला असते.

सातला असते. जामखेडला बदलायची, मग दुसरी थेट नदीच्या अलीकडच्या काठापर्यंत नेते. तिथून पायी दहा मिनिटं. पण एस्टीनं काय, कुणीही जाईल.

२ डिसेंबर, बुधवार

मालनचं पत्र. दिवस भरत आले. लिहिते: "बारशाला आक्का वन्संना घेऊन नक्की या. गाडीची वाट बघू नका." गाडी वेळेत होणार याबद्दल तिला एवढी खात्री आहे, हे वाचून बरं वाटलं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, नेवाशाला दिलेली. आत्यानं कानात नाव सांगितल्याशिवाय बारसं होत नाही, त्यामुळं तिला नेणं ही माझी जबाबदारी. प्लॅन असा: जीपनं नेवासा, आक्काला घ्यायचं, तिथून जामखेड, नदी, पलीकडं.

मालनला उलट टपाली लिहिलं. पात्रात पाणी किती, वाळू कुठं घट्ट, कुठं भुसभुशीत, हे सहादेवनं काठी रोवून बघावं आणि कळवावं. तब्येतीला जप, असंही शेवटी लिहिलं.

६ डिसेंबर, रविवार

मोठी गोष्ट लक्षात आली. जेवताना.

या जीपच्या स्प्रिंगा एक्सलच्या खाली बांधलेल्या आहेत. त्याच एक्सलच्या वर बांधल्या तर जीप एकदम चार इंच उचलते. पाटे वाढवायला नकोत, काही नको. एवढी साधी गोष्ट गाडी बनवणाऱ्यांना कशी सुचली नाही याचं आश्चर्य वाटतं. पुस्तकात याबद्दल काही नाही. असलंच तर ८५ ते ९० मध्ये असेल.

ताट तसंच ठेवून मच्छिंद्रकडं गेलो. त्यानं ट्रकचे पाटे काढायला घेतले.

११ डिसेंबर, शुक्रवार

अडचण. मागच्या एक्सलला स्प्रिंग बसायची बैठक वर-खाली दोन्हीकडं निघाली, पण पुढच्या एक्सलला ती फक्त खालच्या बाजूला आहे. आपल्याला वरच्या बाजूला हवी. नवीन करून वेल्ड करायची तर एक्सल नगरला न्यावा लागेल. आठ दिवस जातील.

मच्छिंद्र बराच वेळ एक्सलकडं बघत बसला. मग म्हणाला, "आण्णा, सबंध आखच उलथा करू की. खालचं आपसूक वर ईल."

बैलगाडीचा आख खालून झिजला की तो उलटा करून घालतो, असं त्यानं सांगितलं. त्याच्या बापानंही तेच केलं. आखाला वर-खाली काही नसतं.

मी दोन्ही बाजूंनी विचार केला. त्यात चूक काढता येईना. पुस्तक एकीकडं आणि अनुभव एकीकडं असेल तर मी अनुभव मानणारा माणूस आहे. उद्या एक्सल काढतो.

१५ डिसेंबर, मंगळवार

तार आली. काल मुलगी झाली. दोघी खुशाल.

फार आनंद झाला. तार हातात धरून शेडमध्ये नुसताच उभा राहिलो. मच्छिंद्रनं हात पुसून माझा हात धरला. तात्यांनी गावात साखर वाटली आणि सगळ्यांना सांगितलं की आमची म्हातारी परत आली.

बारसं पंचवीस तारखेला. एक्सल जमिनीवर आहे. दहा दिवस म्हणजे पुष्कळ.

२१ डिसेंबर, सोमवार

एक्सल उलटा करून बसवला. बैठका वर आल्या. मच्छिंद्र म्हणाला होता तसंच झालं.

किरकोळ गोष्टी. एक्सलमधला गिअरचा गोळा आधी एका अंगाला होता तो आता दुसऱ्या अंगाला आला, त्यामुळं इंजिनाकडून येणारा शाफ्ट तिरका बसतो. जातोय हे महत्त्वाचं. स्टिअरिंगचा दांडा चार इंच कमी पडतो. तो वाढवायचा तर वेल्डिंगचा गॅस लागतो. गॅस संपला. नवी टाकी उद्या येईल.

२३ डिसेंबर, बुधवार

टाकी आली नाही. आक्का आली, नेवाशाहून, एस्टीनं. पत्रात मी तिला न्यायला येतो असं लिहिलं होतं. ती म्हणाली, मला तुझी पत्रं लहानपणापासून माहितीयत. हा विनोद असावा.

शेडमध्ये आली. पुढची चाकं काढलेली, जीप दगडांवर. आक्कानं ते दगड मोजले. मग म्हणाली, "रंगनाथ, उद्या सातला आमच्यासंगं चल. लोखंड काय कुठं पळून जात न्हाई."

तिला समजावलं की या टप्प्यावर काम सोडलं तर सगळं बिघडेल. शिवाय जीपनं येतो असं सासरवाडीला कळवलंय. शब्द दिला की दिला.

२४ डिसेंबर, गुरुवार

तात्या आणि आक्का सातच्या एस्टीनं गेले. कुंची आणि चांदीचे वाळे पाठवले. आक्काजवळ फूटपट्टीही दिली, पात्रातलं पाणी मोजायला. तिनं ती पिशवीत घातली नाही, हातात धरून बसली.

गाडी सुटल्यावर जरा वाईट वाटलं. पण पुढं पाचव्या महिन्यात बाळ-बाळंतीण आणायला मीच जाणार आहे, तेच खरं जाणं. बारशाला काय, बायकांचाच कार्यक्रम असतो.

२७ डिसेंबर, रविवार

मंडळी काल परत आली. आक्काला पहिलं विचारलं की पाणी किती. घोट्याएवढं म्हणाली. वाळू कुठं घट्ट आहे? म्हणाली, मी पोरीकडं बघत होते.

फूटपट्टी जशीच्या तशी परत आणली. मग मुलीबद्दल सांगायला लागली. डोळे आपल्या आईवर गेलेत, मूठ सोडत नाही, पाळण्यात घातल्यावर रडली नाही. ऐकत होतो, तेवढ्यात निरोप आला की गॅसची टाकी आली. उठावं लागलं. आल्यावर ऐकतो म्हटलं. आलो तोवर ती झोपली होती, आणि आज सकाळच्या एस्टीनं गेली.

१४ जानेवारी १९७१, गुरुवार. संक्रांत.

जीप चाकांवर उभी. फूटपट्टीनं मोजली: साडेचार इंच. अर्धा इंच हिशेबात नव्हता, तो फायदाच.

बाहेर काढताना टप शेडच्या पत्र्याला अडकला. पत्रा कापला. बाहेर आल्यावर ब्रेकचं तेल गळतंय असं दिसलं. परत आत. तीळगूळ मच्छिंद्रला तिथंच दिला.

९ फेब्रुवारी, मंगळवार

मालनचं पत्र. मुलीला दोन महिने होत आले. हसते. आवाज आला की मान वळवते. "एकदा येऊन बघून तरी जा." पाण्याचं, वाळूचं काही नाही. सहादेवनं मोजलं की नाही कळायला मार्ग नाही.

बघून येण्यासाठी मुद्दाम जायचं, आणि परत आणायला जायचं, अशा दोन फेऱ्या कशाला? सगळं एकदम करू असं कळवलं. पत्राची मागची बाजू कोरी होती, तिच्यावर शाफ्टच्या कोनाची आकृती काढली. चांगली आली.

१ मार्च, सोमवार

निवडणुकीच्या प्रचाराला जीप मागायला चार जण आले. भोवती फिरून बघितली. एकानं विचारलं, डावीकडं वळते का. वळते म्हटलं, फक्त जरा आधीपासून ठरवावं लागतं. ते बैलगाडीला लाऊडस्पीकर बांधून घेऊन गेले.

तात्यांनी आज परत एस्टीची वेळ विचारली. ती बदललेली नाही.

२७ मार्च, शनिवार. पाडवा.

ट्रायल. नारळ फोडून श्रीगोंद्यापर्यंत गेलो आणि आलो. घासणं शून्य. दोन्ही बाजूंना वळते. समोरून येणारे गाडीवान आपण होऊन बाजूला होतात. इतक्या उंचावरून उसाच्या पलीकडचं दिसतं. मच्छिंद्र शेजारी बसला होता. येताना त्याचे डोळे भरून आले. माझेही आले.

फोर-व्हीलचा गिअर टाकून बघितला नाही. कोरड्या सडकेवर टाकू नये असं पुस्तकात स्पष्ट आहे, पान ६२. तो वाळूत टाकायचा. वाळू तिकडं आहे.

५ एप्रिल, सोमवार

तात्या सकाळी धोतर नेसून, पिशवी घेऊन तयार. म्हणाले, सुनंला आन नातीला मी घेऊन येतो, तू तुझं चालू दे. त्यांना बसवलं, समजावलं. गाडी तयार असताना सून एस्टीनं आणली तर लोक काय म्हणतील? तात्या म्हणाले की लोक आत्तापण म्हणतायत. पिशवी परत खुंटीला लावली.

दिवस ठरवला: शुक्रवार, १६ तारीख. मालनला लिहिलं की सकाळी अकरापर्यंत मुलीला घेऊन काठावर उभी राहा. गावातल्या लोकांनाही सांगायला हरकत नाही. सहादेवला निरोप: बैल गोठ्यात बांधून ठेवावेत, रानातही नेऊ नयेत, म्हणजे कुणाला शंका नको.

१५ एप्रिल, गुरुवार

तयारी. मागच्या सीटवर गादी. मुलीसाठी मऊ गोधडी. ऊन लागू नये म्हणून टपाला आतून ओलं पोतं. पाण्याची कळशी. मालनसाठी हिरवं लुगडं.

मच्छिंद्र म्हणाला, दोर असू द्या एक. नको म्हटलं. दोर बरोबर घेतला की मन तिथंच अडकतं.

उद्या या वेळी मुलीला बघितलेलं असेल. मन लागत नाही. कुणाला सांगितलं नाही.

१६ एप्रिल, शुक्रवार. सासरवाडी. सायंकाळी.

झालं तसं लिहितो.

अकराला दहा मिनिटं असताना नदीवर पोचलो. पासष्ट मैल, एकही अडचण नाही. पलीकडच्या काठावर मंडळी उभी होती. चिंचेच्या सावलीत मालन दिसली, तिच्या खांद्यावर कुंची. एवढ्या लांबून कुंचीच दिसत होती.

पात्र कोरडं. मधोमध नेऊन मुद्दाम थांबलो. सगळ्यांना दिसेल असा फोर-व्हीलचा गिअर टाकला. पाय दिला.

जीप पुढं जाईना. मागंही जाईना. मोठा आवाज करत जागच्या जागी खाली जायला लागली. आणखी पाय दिला. आणखी खाली गेली. वाळू पुढूनही उडत होती आणि मागूनही. काठावरून सहादेव पळत आला आणि समोर उभा राहून हात करायला लागला.

"दाजी, थांबा. पुढली चाकं उलटी फिरत्यात."

बाहेरून तसं दिसतं, असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, या आन बघा. मी उतरलो, तो आत बसला, मी सांगितलं तसा त्यानं पाय दिला. मागची चाकं पुढं जात होती. पुढची चाकं मागं. दोन्ही सारखाच जोर लावत होती.

वाळूत बसून विचार केला. पाव तास लागला. बैलगाडीच्या आखाला वर-खाली नसतं हे खरं, कारण त्याला आतून कुणी फिरवत नाही. बैल ओढतात आणि चाकं फिरतात. जीपच्या एक्सलच्या आत गिअर आहेत. तो उलटा केला की चाकंही उलटी. सडकेवर जोर फक्त मागच्या चाकांना होता, पुढचा गिअर टाकलेला नव्हता, म्हणून कळलं नाही. सरळ आहे. मच्छिंद्रचा दोष नाही. त्यानं आखाबद्दल सांगितलं होतं, गिअरबद्दल मला माहीत असायला हवं होतं. इंटर सायन्सला दोनदा बसलो होतो.

सहादेव बैल सोडायला गेला. बैल सांगितल्याप्रमाणं गोठ्यात बांधलेले होते, त्यामुळं वेळ लागला.

तेवढ्यात मालन वाळूतून चालत आली. उन्हातून, मुलीला खांद्यावर घेऊन. माझ्यापुढं येऊन उभी राहिली. मुलीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. माझ्या आईचेच डोळे. चार महिन्यांची आहे आणि केस बरेच आहेत.

मला तिला हाक मारायची होती. मारता येईना. मग विचारलं की हिचं नाव काय ठेवलं.

मालननं मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. काठावरचे लोक ऐकत होते असं वाटतं.

"मुक्ता," ती म्हणाली. "आक्का वन्संनी ठिवलं. पत्रात बी लिवलं हुतं, दोनदा."

चांगलं नाव आहे म्हटलं.

"यस्टीनं आला असता," मालन म्हणाली, "तर बारशाला तरी असता."

ती रागावून बोलली नाही. सांगितल्यासारखं बोलली, आणि मुलीच्या तोंडावर पदर धरून परत काठाकडं चालायला लागली. मला लाज वाटली. गाडी रुतली की वाटते ती लाज माझ्या ओळखीची होती, ही दुसरी होती. मी तिच्या मागं गेलो. जीपचा गिअर काढायचाही राहिला.

बैलांनी दुपारी जीप ओढून चिंचेखाली आणली. ओढताना शाफ्ट पडला. मी तिथं नव्हतो, सहादेवनं सांगितलं.

१८ एप्रिल, रविवार. काष्टी.

तिघं एस्टीनं आलो. मालननं मुक्ताला घेतलं, मी पिशव्या आणि गोधडी घेतली. जामखेडला गाडी बदलताना मालननं मुक्ताला माझ्याकडं दिलं, तिला पाणी प्यायचं होतं. मुक्ता एवढी रडली की शेजारच्या एका बाईनं तिला माझ्या हातातून काढून घेतलं आणि पोरगी कुणाची म्हणून विचारलं.

स्टँडवर तात्या आले होते. तात्यांकडं ती लगेच गेली.

९ मे, रविवार

तीन आठवड्यांत गाडीचं काही काम नाही.

मुक्ता सगळ्यांकडं जाते. तात्यांकडं जाते. मच्छिंद्र बघायला आला, त्याच्याकडं गेली, त्याच्या मिशा ओढल्या. माझ्याकडं येत नाही. मी घेतलं की आधी ओठ काढते, मग रडते.

कारण शोधलं. ग्रीसचा वास असावा. साबणानं दोनदा हात धुतले, कोपरापर्यंत. सदरा बदलला. घेतलं. रडली. उभा राहून घेतो म्हणून असेल, म्हणून बसून घेतलं. रडली. दाढी टोचत असेल. दाढी केली, गालाला खोबरेल लावलं आणि आज सकाळी परत घेतलं. माझ्याकडं नीट बघितलं, सगळा चेहरा बघितला, आणि रडली.

मालन चुलीपुढं होती. भाकरी थापताना मागं न बघताच म्हणाली, "वासाचं काय न्हाई. ती तुमाला वळखत न्हाई."

मग तिनं सांगितलं की रोज थोडा वेळ नुसतं तिच्या जवळ बसा, उचलू नका. दुपारी बसलो. ती गोधडीवर, मी जमिनीवर, हातभर अंतरावर. ती झोपेपर्यंत बसलो होतो. मच्छिंद्र जीप आणायला कधी जायचं म्हणून विचारायला आला. त्याला सांगितलं की आता जमणार नाही.